खांब हलवला

झाडवाल्याने बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, कुऱ्हाडीच्या पाठीने चार ठिकाणी ठोकलं आणि प्रत्येक वेळी कान लावला. तीन ठिकाणी बद्द आवाज आला. चौथ्या ठिकाणी, जिथे कुंपणाची तार दोन्हीकडून येऊन झाडाच्या पोटात शिरत होती, तिथला आवाज कोरडा आणि जरा वरच्या पट्टीतला होता.

"खांब आहे आत," तो म्हणाला. "अख्खाच्या अख्खा गिळलाय झाडानं."

"ते ठाऊक आहे मला," मोठी म्हणाली. "निघेल का, ते सांगा."

"निघेल. पण यंत्राची करवत चालायची नाही. लोखंड लागलं की साखळीचे दात गेले. गेल्या वर्षी ज्यानं झाड पाडलं त्याचेही गेले असणार, म्हणून तर बुंधा छातीएवढा ठेवून पळाला तो." त्याने बुंध्यावर थाप मारली. "खणायचं, मुळं तोडायची, आडवा पाडायचा आणि पाचरी ठोकून फोडायचा. आज आणि उद्या. उद्या संध्याकाळी जागा मोकळी."

उद्या म्हणजे शुक्रवार. ते चालण्यासारखं होतं. शनिवारी नळवाला चर खणायला येणार होता. दोन्ही घरांची पाण्याची नवी नळी कुंपणाच्या रेषेतून जायची होती आणि 'आधी ते धूड काढा, मग मला बोलवा' असं त्याने बजावलं होतं. आणि रविवारी कुंपणापलीकडचे काका जाणार होते, कायमचे.

मोठी म्हणजे घरातली थोरली मुलगी. आईवडील गेले, धाकटी भावंडं परगावी पांगली, आता कुणापेक्षा मोठी असं विचारायलाही घरात कुणी उरलं नव्हतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती एकोणसाठ वर्षांची होती. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची पस्तीस वर्षं गेली होती आणि अजूनही पेला तोंडाला लावण्याआधी ती तो उजेडात धरून बघत असे. पलीकडे तिचे सख्खे काका राहत, वडिलांचे पाठचे भाऊ, वय त्र्याऐंशी. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी बेबी. बेबी पन्नाशीची झाली होती, पण तिचंही नाव तसंच राहिलं होतं. आता बेबीची बदली झाली होती, काकांना ती सोबत नेणार होती आणि घर भाड्याने द्यायचं होतं.

दोन्ही घरांत सत्तावीस वर्षं बोलणं नव्हतं. अगदीच नव्हतं असं नाही. 'तुमची मांजर आमच्या गच्चीवर आहे' किंवा 'उद्या पाणी येणार नाही' इतपत होतं. नळीचंही तसंच, चिठ्ठीवर ठरलं.

झाडवाल्याने पहिली कुदळ मारली तशी बेबी पलीकडे येऊन उभी राहिली. हातात ओलं फडकं होतं.

"अहो, तुम्ही कोण ते," ती झाडवाल्याला म्हणाली, "आमच्या बाजूची माती आमच्याच बाजूला टाका हं. इकडची ढेकळं तिकडे गेली, तर उद्या आमच्यावर आळ यायचा की आम्ही मातीपण पळवली."

झाडवाल्याने मोठीकडे पाहिलं. मोठीने चष्मा पुसला.

"दोन ढीग करा," ती म्हणाली.

"एकाच जमिनीची माती, बाई. मिसळली तर ओळखू कशी?"

"तपासून देतील त्या," बेबी म्हणाली. "तपासण्यात जन्म गेलाय त्यांचा." आणि ती आत गेली.

टोमणा जिथे लागायला हवा तिथे बरोबर लागला. मोठी स्वयंपाकघरात आली, तिने चहाचं आधण ठेवलं आणि उकळी येईपर्यंत खिडकीतून बुंध्याकडे पाहत राहिली.

भांडण त्या खांबाचंच होतं. वडील गेले त्याला महिनाही झाला नव्हता. आईला त्यांच्या मेजाच्या वरच्या खणात एक छोटी वही सापडली. वडील रोज दोन-चार ओळी लिहीत, त्याही किराणाच्या यादीसारख्या. वर वार, खाली मजकूर, तारीख कधी नाही. आईने एका पानावर बोट ठेवून वही मोठीपुढे धरली. त्या पानाच्या डोक्यावरच लिहिलं होतं: *बुध. कुंपणाचा मधला खांब हलवला. वीतभर आत घेतला. तार परत ओढली.*

कुंपणाला पाच खांब. चार एका रेषेत होते आणि मधला, तुतीच्या झाडाजवळचा, वीतभर मोठीच्या अंगणात आलेला. हे सगळ्यांना दिसत होतं. तो असा का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. काका जहाजावरची नोकरी सोडून परत आले, त्यांनी आपल्या रिकाम्या जागेवर घर बांधलं, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. आल्या आल्या त्यांनी कुंपण रंगवलं होतं. आईने दोन आणि दोन चार केले. "पाहिलंस? ह्यांच्या लक्षात आलं होतं. भावाला बोलले नाहीत, लिहून ठेवलं."

आईच्याने बोलवेना, म्हणून मोठी गेली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. काकांच्या बैठकीत उभं राहून तिने ती ओळ वाचून दाखवली. काका म्हणाले, मी त्या खांबाला रंगापलीकडे हात लावलेला नाही. त्यावर मोठी म्हणाली, "माझे वडील खोटं लिहीत नसत, काका."

बस, इतकंच. आवाजही चढला नव्हता. काकांनी पुढे एक शब्द काढला नाही आणि तो न काढणं म्हणजेच कबुली, असं आईने धरलं. मोठीनेही तेच धरलं. कारण दुसरं धरायचं तर वडील खोटे ठरत होते.

सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा काका आले होते. फाटकापाशी, बाहेर उभे राहिले, अर्धा तास. मोठीने त्यांना खिडकीतून पाहिलं होतं.

चहा उतू गेला.

दुपारी काकांनी आपली खुर्ची कुंपणाजवळ आणवली. डोक्याला टोपी, गुडघ्यांवर चादर. झाडवाला खड्ड्यात उतरून मुळं तोडत होता. काका ते पाहत होते, आणि नुसतं पाहत बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"ते जाड मूळ शेवटी तोड," ते म्हणाले. "आधी ते तोडलंस तर बुंधा तुझ्याच अंगावर यायचा."

"आजोबा, वीस वर्षं हेच करतोय मी."

"वीस वर्षं वाचलास, हे नशीब."

झाडवाला हसला आणि त्याने जाड मूळ शेवटी तोडलं. मोठी आपल्या बाजूला पायरीवर बसली होती. काकांनी तिच्याकडे न बघता झाडवाल्याला सांगितलं, "त्यांना म्हणावं, पाय मागे घ्या. पडताना माती उडेल."

"तुम्हाला म्हणतायत, पाय मागे घ्या," झाडवाल्याने मोठीला सांगितलं. ती चार हातांवर बसली होती.

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, घेतले."

"घेतले म्हणतायत."

"बरं."

झाडवाल्याने पहार मुळाखाली घातली. "मला दोन माणसांची मजुरी पडली पाहिजे," तो पुटपुटला. "एक खणायची, एक निरोप्याची."

पाच वाजता बुंधा कलंडला. त्याने हळूच अंग टाकलं, एखादा जाड माणूस आरामखुर्चीत बसतो तसं. खालून काँक्रीटचं ढेकूळ वर आलं. त्यात खांबाचा पाय घट्ट रुतलेला होता आणि त्यालाही मुळांनी मिठी मारली होती. पहिला दिवस तिथेच संपला.

शुक्रवारी पाचरींचं काम. झाडवाल्याने बुंधा दोन ओंडक्यांवर आडवा बसवला, टोकाला रेघ आखली आणि रेघेवर एकापाठोपाठ एक लोखंडी पाचरी लावल्या. घण प्रत्येक पाचरीवर एकेकदाच मारायचा, मग पुढची. "एकीवरच राग काढला की लाकूड भलतीकडे फाटतं," तो म्हणाला. काका यावर काही बोलले नाहीत, म्हणजे ते त्यांना पटलं असावं.

अकराच्या सुमाराला लाकडातून चिरकल्यासारखा आवाज आला. मग ओढलेल्या श्वासासारखा. बुंधा उभा दुभंगला आणि त्याचे दोन भाग दोन बाजूंना पडले.

आतलं लाकूड पिवळंजर्द होतं. तुतीचं ताजं लाकूड तसंच असतं, उजेडात पडलं की तपकिरी व्हायला लागतं. आणि त्या पिवळ्यात उभा खांब, चार बोटं रुंदीचा लोखंडी. त्याच्या दोन्ही अंगांना लाकूड शाईसारखं निळंकाळं झालं होतं. लोखंड आणि लाकडातला तुरट रस मिळून ती शाई होते, हे मोठीला माहीत होतं. ती पायरीवरून उठली, गुडघे टेकून बसली आणि चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहू लागली.

तिला दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी, की लाकडाच्या रेषा मध्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत अगदी सरळ होत्या, जणू जवळपास कुठे काही नाहीच. मग एका जागी त्या खांबाला भिडल्या होत्या, आणि तिथून पुढे प्रत्येक रेषा खांबाला वळसा घालून, दोन ओठ मिटत यावेत तशी पुढे आली होती. एका विशिष्ट वर्षी हे झाड वाढत वाढत खांबापर्यंत पोचलं होतं. ते कुठलं वर्ष, हे लाकडात लिहिलेलं होतं. फक्त मोजायचं होतं.

दुसरी गोष्ट पाहायला ती उठली. नळवाल्याच्या चराची खूण म्हणून झाडवाल्याने सकाळीच उरलेल्या चार खांबांना सरळ दोरी बांधून ठेवली होती. कालच्या खड्ड्यात झाडाच्या सोटमुळाची खुंटी शिल्लक होती. ती बरोबर दोरीखाली होती. म्हणजे झाड रेषेवर उगवलेलं, आणि खांब त्याच्यापासून वीतभर बाजूला.

ती परत वळेपर्यंत पहारेने उचकटलेला खांब मातीत आडवा पडला होता. झाडवाल्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली होती. काका खुर्चीत टोपी नीट करत होते.

"आता लोखंड निघालं ना?" तिने झाडवाल्याला विचारलं.

"निघालं."

"मग आता यंत्राची करवत चालेल."

"चालेल की. सरपणाचे तुकडे करू?"

"तुकडे नंतर. आधी इथून," तिने खांबाच्या खाचेवर आडवं बोट फिरवलं, "एक चकती कापून द्या. अर्धीच येईल. दोन बोटं जाड. खाच मध्ये यायला हवी, साल निघता कामा नये."

"चकतीचं काय करणार?"

"वाचणार."

झाडवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि करवत सुरू केली.

स्वयंपाकघराच्या मेजावर जुनं वर्तमानपत्र पसरून मोठीने चकती ठेवली. आधी जाड काचकागद, मग मध्यम, मग अगदी बारीक. पिवळा भुगा मनगटांपर्यंत चढला. मग ओल्या कापसाने पृष्ठभाग पुसला, तशी वर्तुळं आपोआप वर आली, फिकट पट्टा आणि गडद रेघ, फिकट पट्टा आणि गडद रेघ. एक जोडी म्हणजे एक वर्ष. तिने भिंग घेतलं आणि टाचण्यांची डबी उघडली.

मोजणी सालीकडून आत करायची, कारण बाहेरचं टोकच पक्कं माहीत असतं. झाड गेल्या वर्षी पाडलं होतं. दर दहाव्या रेघेवर टाचणी. पहिल्यांदा मोजलं तेव्हा खांबाला भिडलेली पहिली रेघ एकोणचाळिसावी आली. दुसऱ्यांदा चाळिसावी. तिसऱ्यांदा तिने उलट बाजूच्या ओठावरून मोजलं, पुन्हा चाळीस. एखाद्या वर्षी झाड फसतं, दोन रेघा काढतं किंवा एकही धड काढत नाही. म्हणून चाळीस, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे.

काका जहाजावरून परत आले त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्याआधी सतरा वर्षं ते समुद्रावर होते.

दोन वर्षं इकडे आणि दोन वर्षं तिकडे धरूनही सात वर्षं शिल्लक राहत होती. काका परत आले तेव्हा तो खांब आहे तिथेच होता, आणि झाडाने त्याला धरायला कधीच सुरुवात केली होती.

मोठीने भिंग खाली ठेवलं. तिला बरं वाटायला हवं होतं की वाईट, हे कळेना. एक गोष्ट मात्र कळत होती आणि तीच बोचत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी वही घेऊन ती काकांकडे गेली, तेव्हा कुंपणावर वेल होता. तो हाताने बाजूला केला असता तर खांब अर्धा झाडात रुतलेला दिसला असता. चार वर्षांत झाड इतकं गिळत नाही, हे तिला तेव्हाही कळलं असतं. दहा पावलांचं अंतर होतं. प्रयोगशाळेत नमुना न पाहता कुणी निकाल लिहिला असता, तर तिने त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

पण मग वडिलांनी ते का लिहिलं?

वही कपाटात होती, आईच्या साड्यांखाली. त्या दिवसानंतर मोठीने ती उघडली नव्हती. आता तिने ते पान काढलं आणि मग, पहिल्यांदाच, त्याच्या आधीचं पान उलटलं.

*रवि. पडदे धुतले. सोम. मोठीचे डोळे तपासून आणले. चष्मा लागला. रडली. मंगळ. दाढी केली. सायकलची साखळी बदलली. तुतीचं रोप खांबाला घासतंय.*

आणि पान उलटल्यावर: *बुध. कुंपणाचा मधला खांब हलवला. वीतभर आत घेतला. तार परत ओढली.*

चष्मा लागला तेव्हा मोठी तेरा वर्षांची होती. काका तेव्हा कुठल्या तरी बंदरात होते.

तिने दोन्ही पानं तीनदा वाचली. पडदे कुणी धुतले? दाढी कुणी केली? साखळी कुणी बदलली? एकाही वाक्यात करणारा माणूस नव्हता. दोन्ही पानांवर कुठेही 'मी' हा शब्द नव्हता, कारण वडिलांना त्याची गरजच वाटली नव्हती. वही त्यांची, तर केलं ते त्यांनीच. दाढी केली म्हणजे स्वतःची केली. खांब हलवला म्हणजे स्वतः हलवला, एका रोपाला घासतो म्हणून, आणि आपल्याच अंगणात वीतभर मागे घेतला. मराठीत असं वाक्य बिनातक्रार उभं राहतं. मी हलवला की त्याने हलवला, हे सोबत असलेल्याला कळतं. बाकीचे आपापल्या मनातला माणूस तिथे बसवतात.

आणि तिने स्वतः पस्तीस वर्षं काय लिहिलं होतं? *नमुना घेतला. गाळला. रंग पाहिला.* सगळं आयुष्य याच भाषेत लिहिणाऱ्या बाईला ती ओळ वाचता आली नव्हती.

तिने हात धुतले. भुगा नखांत राहिलाच. वही पदराला पुसली आणि ती बाहेर पडली. खड्डा ओलांडून सरळ पलीकडे जाता आलं असतं, पण ती रस्त्यावरून वळसा घालून गेली आणि काकांच्या फाटकाची कडी वाजवली.

बेबीने दार उघडलं. मागे खोक्यांचे ढीग होते, दोरीने बांधलेले.

"ताई?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने चेहरा आवळला. "माती कमी पडली का?"

"काकांना भेटायचंय. तूही थांब. तुझ्यासमोरच बोलायचंय."

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मोठीला बस असं कुणी म्हटलं नाही आणि ती बसलीही नाही.

"काका, खांब तुम्ही हलवला नव्हता. मी चूक केली होती. झाडाची वर्षं मोजली आज. तुम्ही परत यायच्या निदान सात वर्षं आधी तो खांब झाडात जायला लागला होता."

"मी तेव्हाच सांगितलं होतं," काका म्हणाले.

"हो. सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि आई गेली तेव्हा तुम्ही फाटकापाशी उभे होतात. मी पाहिलं होतं. आत या म्हटलं नाही."

"ऊन फार होतं त्या दिवशी," काका म्हणाले.

बेबी दाराला टेकून उभी होती. काका चादरीची घडी करत होते, मग मोडत होते.

"तू बोललीस त्याचं वाईट वाटलं होतं," ते म्हणाले. "नाही वाटलं असं कशाला म्हणू? पण तू लहान होतीस."

"बत्तीस वर्षांची होते."

"तेच ते." त्यांनी चादर बाजूला सारली. "तुझं सोड. मला छळलं ते निराळंच. तू खोटं वाचणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हणजे दादानं लिहिलं होतं. म्हणजे त्याला वाटत होतं, की मी... आणि तोंडावर एक अक्षर नाही. रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचा माझ्यापाशी. मनात हे ठेवून बसत होता का, असं वाटायचं. मेलेल्या माणसाला विचारणार कसं?"

मोठी चकित झाली. सत्तावीस वर्षं ती आपल्याच घराचं नुकसान मोजत होती, पण हा आकडा तिच्या कधी ध्यानातच आला नव्हता.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने वही उघडली.

"त्यांनी तुमच्याबद्दल लिहिलंच नव्हतं. ऐका. मी आधीचं पान वाचते." आणि तिने वाचलं, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून. काकांना नीट कळावं म्हणून ती प्रत्येक वाक्याला शब्द जोडत गेली. "मी पडदे धुतले. मी मोठीचे डोळे तपासून आणले. मी दाढी केली. मी सायकलची साखळी बदलली. तुतीचं रोप खांबाला घासतंय. मी कुंपणाचा मधला खांब हलवला. मी वीतभर आत घेतला."

काका डोळे मिटून ऐकत होते. 'आत घेतला'शी त्यांनी ते उघडले.

"रोपासाठी?"

"रोपासाठी."

"स्वतःची जागा सोडून."

"हो."

"वेडा," काका म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बेबीने नाक ओढलं आणि खोक्यावरची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"आणखी आहे का?" काकांनी विचारलं.

"पूर्ण वही आहे."

"मग वाच. पण ते मी-मी लावू नकोस मध्ये. तो असं कधी बोलायचा नाही. आहे तसं वाच."

मोठीने चष्मा नीट केला. "गुरु. कौलं फिरवली. धाकट्याला पत्र टाकलं. शुक्र. काही नाही. शनि. मोठीला सायकल शिकवली. पडली. रवि. धाकट्याला पत्र टाकलं."

"एका आठवड्यात दोन?"

"दोन."

"आणि माझं उत्तर?"

मोठीने पान उलटलं, मग आणखी एक. "पुढच्याच्या पुढच्या सोमवारी आहे. 'धाकट्याचं पत्र नाही. आळशी आहे.'"

काका हसले. हसताना त्यांना खोकला लागला, बेबी पाणी घेऊन आली आणि त्यांनी हातानेच तिला थांब म्हटलं.

"होतोच," ते म्हणाले. "पुढे वाच."

"मंगळ," मोठीने वाचलं. "दाढी केली."

बेबी खोक्यावर बसली. "ताई, जरा मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मला इथे ऐकू येत नाही."